पुठ्ठ्यावरचे स्क्रू

पिनबॉलचं, म्हणजे नाणं टाकून उतरत्या फळीवर गोळी उडवत खेळायचं, यंत्र खोलायला फारशी अक्कल लागत नाही. न्यूयॉर्कचे महापौर लागार्डिया यांनी १९४२ साली शहरात पिनबॉलवर बंदी आणली, तेव्हा जप्त केलेली यंत्रं छायाचित्रकारांसमोर घणाने फोडली होती. तीही एक पद्धत. शिकागोची तऱ्हा आणखी न्यारी. गॉटलिब, बॅली, विल्यम्स हे सगळे इथलेच कारखानदार, पण खुद्द शहरात हा खेळ सत्तरच्या दशकापर्यंत बेकायदा. माझ्या तळघरातलं यंत्र बंदी उठल्याच्या सुमाराचं आहे आणि मला ते परत जोडायचंय, म्हणून एवढा पसारा.

खेळाच्या फळीवर सगळ्यांत वर रंगीत प्लास्टिकं, त्याखाली रबरं, खुंट्या, दिवे. फळी बिजागरीवर उचलली की पोटात कॉइल, स्विच आणि वायरींचं जंजाळ. ‘फोटो काढून ठेव’ असं जो तो सांगतो. काढावेतच. पण हवा असलेला स्क्रू नेमका फोटोतल्या प्लास्टिकखाली दडलेला असतो, त्यामुळे एकेक थर उतरला की पुन्हा फोटो. माझा खरा भरवसा पुठ्ठ्यावर. टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर फळीचा आराखडा काढायचा आणि निघालेला स्क्रू जिथल्या तिथे टोचून ठेवायचा. स्क्रू दिसायला सारखेच, पण फळीच्या खालून चार आटे लांब स्क्रू पिळला गेला तर तो वरच्या रंगाला फोड आणून बाहेर डोकावतो.

वायरीला टेपची चिठ्ठी चिकटवल्याशिवाय सोल्डरचा डाग सोडवायचा नाही. आकृतीत पांढरी-पिवळी म्हटलेली वायर आता नुसती मळकट झालेली असते. कॉइलवरच्या डायोडची पट्टी कुठल्या टोकाला होती तेही लिहायचं. उलटा लागला तर फ्यूज नाहीतर ट्रान्झिस्टर गेलाच.

पुठ्ठ्यावर न मावणारं सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. ‘डावा फ्लिपर’, ‘उजवा फ्लिपर’, ‘वरचा बंपर’. फ्लिपर म्हणजे गोळी टोलवणारा दांडा, बंपर म्हणजे तिला उडवून लावणारा खुंट. साताऱ्याहून आलेल्या आईने एकदा झाकणं उघडून पाहिली.

“अरे, हे वायसर सगळे सारखेच की. एकत्र करून देऊ का? दोन डबे मोकळे होतील.”

मी जवळजवळ ओरडलोच. स्वयंपाकघरात तिचं बरोबर आहे. तूरडाळ तूरडाळीत जायला हवी. इथे मात्र वस्तू गावावरून ओळखायची, आडनावावरून नाही. सगळे वायसर एका डब्यात दिसतात छान, पण त्यातला डाव्या फ्लिपरचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

तरी फोटो आणि डबे खरंच बोलतील अशी खात्री नाही. ही यंत्रं वर्षानुवर्षं बारमध्ये राबली. शनिवारी रात्री बंद पडलं की दुरुस्तीवाला हाताला लागेल ते लावून चालू करून द्यायचा, कारण बंद यंत्रात कोण नाणं टाकणार? उडालेल्या फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, ही तर जुनी युक्ती. माझ्या यंत्रात एका कंसाला चक्क लाकडाचा जाडा स्क्रू निघाला. फोटोत तोही इमानेइतबारे आलाय. अशा ऐवजाचा डबा वेगळा, त्यावर शेरा: ‘सापडलं असं, लावायचं असं नाही.’

आईने तो वाचला.

“लावायचं नाही, तर ठेवलंयस कशाला? दे इकडे तो डबा.”