तिच्या जिभेने चव घेताना

आईच्या केमोथेरपीची दुसरी सायकल, म्हणजे औषधांची दुसरी फेरी, झाली आणि त्या आठवड्यात तिने सूपचा पहिला चमचा घेताच वाटी बाजूला सारली. "पत्रा चाटल्यासारखं लागतंय," एवढेच ती म्हणाली. मी तेच सूप चाखून पाहिले, तर मला ते नेहमीसारखेच लागले. तिला चव कळत नाही असे समजून मी मीठ आणि तिखट वाढवत गेले. त्याने तिचे आधीच हुळहुळे झालेले तोंड आणखी जळजळले. ती चूक मला अजूनही सलते.

चव ओळखणाऱ्या पेशी साधारण 10 ते 14 दिवसांत नव्याने तयार होत असतात आणि केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालतात, हे कळल्यावर माझी स्वयंपाकाची रीत बदलली. सगळ्या चवी सारख्या प्रमाणात जात नाहीत. म्हणून तोंडात फोड नसतील त्या दिवशी मी स्वयंपाकाआधी तिच्या जिभेवर लिंबाचा थेंब, मिठाचा कण आणि थोडी साखर अशी एकेक चव ठेवून तिला काय जाणवते ते विचारत असे व वहीत टिपून ठेवत असे. आंबट बहुधा टिकून असे. गोड मात्र कधी अजिबात लागत नसे, तर कधी नकोसे होईल इतके लागे.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो टोमॅटोचा. तो मंद आचेवर आटवून त्यात सुकवलेल्या मशरूमचे पाणी घातले की मीठ न वाढवताही सूपला भरीवपणा येई. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ग्लुटामेट या अन्नातील घटकाची म्हणून जी 'उमामी' ही भरीव, रुचकर चव ओळखली, तीच ही. मांस तिला कडू लागे, म्हणून प्रथिनांसाठी मी पूर्ण शिजवलेली अंडी देत असे. धातूचा चमचा काढून लाकडी दिला. गरम अन्नाच्या वासानेच तिला मळमळत असल्यामुळे पदार्थ लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवू लागले आणि तिने मागितला की गारच वाढू लागले. जेवणाआधी ती कपभर कोमट पाण्यात पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून गुळण्या करी. तेवढ्यानेही पहिले चार घास सुखाने जात.

शेवटच्या सायकलनंतर काही महिन्यांत तिची चव बरीचशी परतली आणि वहीची गरज उरली नाही. परंतु पहिल्या केमोच्या दिवशी तिला बरे वाटावे म्हणून मी मुद्दाम तिची सर्वांत आवडती खीर केली होती. त्या रात्रीच्या उलट्यांशी त्या खिरीची जी गाठ पडली, ती सुटली नाही. आवडीचे पदार्थ उपचाराच्या दिवसापासून दूर ठेवावेत, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आई आजही त्या खिरीला हात लावत नाही.