एक हजार नऊ, आणि न जुळलेली वजाबाकी

4 जानेवारी 2016, सोमवार. संध्याकाळी कल्याणहून आकडा आला : नाबाद 652. मुंबई क्रिकेट संघटनेची भंडारी करंडक आंतरशालेय स्पर्धा, वायले नगरचं मैदान, के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे. शालेय क्रिकेटला आमच्या क्रीडा पानावर एरवी एक कॉलम मिळतो. पण इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाचा 1899 मधला एका डावात नाबाद 628 धावांचा विक्रम मोडला होता आणि फलंदाज अजून बाद झालेला नव्हता. म्हणजे बातमी दुसऱ्या दिवशीही चालणार, हे उघड होतं.

चालू बातमीत प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी दिला आणि किती वाजता, हे लिहून ठेवावंच लागतं. फोनवर बावन्न आणि ब्याण्णव सारखेच ऐकू येतात, म्हणून गुणलेखकाच्या वहीच्या पानाचा फोटो मागवला. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान रात्री लवकर सुटतं. त्यामुळे मथळ्यातच 'दिवसअखेर' हा शब्द घातला. बाहेरगावी अंक पोचेपर्यंत खेळ पुन्हा सुरू झालेला असतो. पार्श्वभूमीची चौकटही त्याच रात्री करून ठेवली : 1988 मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांची 664 धावांची अखंड भागीदारी, 2013 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत पृथ्वी शॉच्या 546. दुसऱ्या दिवशी हे जुने आकडे शोधायला कोणालाच वेळ नसतो.

मंगळवारी दुपारी हजार धावा झाल्या. पुढे प्रणव नाबाद 1009 आणि संघाचा डाव 3 बाद 1465 वर घोषित. वाहिन्यांनी दिवसभर तेच दाखवलं. बुधवारच्या अंकात 'हजार धावा केल्या' एवढंच छापलं, तर सकाळी चहाबरोबर अंक उघडणाऱ्याच्या हाती नवं काहीच लागत नाही. त्यामुळे वाचकाला पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं जमवायला घेतली. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुलचं काय झालं? मैदान केवढं? समोरची मुलं किती वर्षांची?

आधी आकडे तपासले. सामन्याचा हिशेब जुळला : आर्य गुरुकुल दोन डावांत 31 आणि 52, मिळून 83. 1465 मधून 83 वजा केले की 1382. विजय एक डाव 1382 धावांनी. विक्रमाच्या गडबडीत निकालाची ही ओळ हमखास गळते, म्हणून ती पहिल्या परिच्छेदातच घेतली.

प्रणवच्या चौकार-षटकारांचा हिशेब मात्र अडला. सोमवारी सगळीकडे फिरलेले आकडे : 199 चेंडू, 78 चौकार, 30 षटकार. मंगळवारचे अंतिम : 129 चौकार, 59 षटकार. वजाबाकी केली, तर दुसऱ्या दिवशी 51 चौकार आणि 29 षटकार. त्यांच्याच धावा होतात 378. पण 1009 मधून 652 गेले की उरतात 357. नुसत्या चौकार-षटकारांच्या धावा दिवसाच्या एकूण धावांपेक्षा 21 ने जास्त! दोन्ही दिवसांचे आकडे एकाच वेळी बरोबर असणं शक्यच नाही.

हे का होतं, ते वही पाहिली की कळतं. जुन्या पद्धतीच्या वहीत फलंदाजाच्या ओळीत फक्त धावांचे आकडे पडतात. निर्धाव चेंडूचा ठिपका गोलंदाजाच्या रकान्यात जातो. त्यामुळे फलंदाजाने किती चेंडू खेळले, हे नंतर षटकांवरून काढावं लागतं. या खेळीचे चेंडू कुठे 323 छापून आले, कुठे 327. चौकार आणि षटकारही ओळीतून बोटाने मोजायचे, आणि इतक्या धावा एका ओळीत मावतच नाहीत. संघाच्या एकूण धावांचं तसं नाही. प्रत्येक धावेला पुढचा आकडा खोडला जातो, आणि फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर ही बेरीज त्याच्याशी जुळावीच लागते. म्हणून 1009 वर भरवसा ठेवता येत होता. चेंडूंवर नाही.

वार्ताहराला पुन्हा फोन केला. "अरे, सोमवारचे चौकार वहीतून पुन्हा मोजून दे." रात्री ते होणार नव्हतं. मग चेंडूंचा आकडा मथळ्यातून आणि मजकुरातूनही काढला, पहिल्या दिवसाची फोड काढली, अंतिम चौकार-षटकार 'गुणलेखकाच्या नोंदीनुसार' असं लिहून ठेवले. काही जण म्हणाले, वाचक चेंडू मागणारच. मागू दे. चुकीचा आकडा एकदा छापला की पुढे प्रत्येक लेखात तोच उतरतो, आणि चौथ्या पानावरची दुरुस्ती कोणी वाचत नाही.

दुसऱ्या बाजूच्या मुलांचा प्रश्न उरला होता. त्यांच्यात वयाने बरीच लहान मुलं होती. सीमारेषा जवळ होती, हेही लिहायला हवं होतं. मात्र विक्रमाला गालबोट लावायचं म्हणून नाही, वाचकाला ही खेळी नीट समजावी म्हणून. ते स्वतंत्र दोन कॉलमांत घेतलं. गोलंदाजीचं पृथक्करण पानावर लागलं होतं, नावांसकट. पान सोडण्याआधी नावं काढली आणि रिकाम्या जागेत मैदानाचा फोटो थोडा मोठा केला.