दंडाच्या पावत्या

फेटाळलेल्या वनहक्क दाव्यांची, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागणाऱ्या अर्जांची, फेरतपासणी चालू होती, तेव्हाची गोष्ट. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या एका उपविभागीय कार्यालयात मी वनहक्क शाखेचं काम बघत होते. साल २०१९, जूनचा पहिला आठवडा, पेरणी तोंडावर आलेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला होता आणि पंधरवड्यात त्याला स्थगितीही दिली होती. स्थगिती मिळाली तरी लोकांच्या पोटातला गोळा गेला नव्हता. सकाळी आठलाच व्हरांडा भरून जायचा.

त्या दिवशी सुनावणीला एक आजी आल्या, बरोबर सून. त्यांचा दावा आधी फेटाळला गेला होता आणि शेरा एका ओळीचा होता, ‘उपग्रह छायाचित्रात शेती आढळत नाही.’ डोंगरउतारावरचा नागली-वरईचा तुकडा उन्हाळ्यातल्या चित्रात आढळणार कसा? वनहक्क नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हाच स्पष्ट लिहिलं गेलं की उपग्रहाचं चित्र बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून वापरायचं, त्यांच्याऐवजी नाही. तरी असे शेरे मारले गेले होते. एका ओळीत एका घराची जमीन जात होती, याची मला फार चीड यायची आणि अजूनही येते.

२००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो, तोही एकाहून अधिक पुराव्यांनी. रेशनकार्ड आणि मतदार यादी यांवरून माणूस गावात राहतो एवढं कळतं. अमुक तुकड्यावर त्याने नांगर धरला होता, हे त्यातून कसं सिद्ध करायचं, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

“आजी, जमिनीचे काही कागद?” मी विचारलं.

सुनेने खताच्या गोणीच्या कापडात बांधलेलं गाठोडं टेबलावर सोडलं. आत वनविभागाच्या पावत्या होत्या. काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, काही घडीवर फाटून दोन तुकडे झालेल्या, कार्बनची जांभळी शाई पुसट झालेली. मी त्या वर्षांप्रमाणे लावायला घेतल्या. सगळ्यात जुनी १९७४ ची. त्यापुढे मधली काही वर्षं सोडली तर नव्वदच्या दशकापर्यंत पावत्या होत्या. प्रत्येकीवर आजींच्या मालकांचं नाव, कंपार्टमेंट नंबर (जंगलाच्या गटाचा क्रमांक), दंडाची रक्कम आणि गुन्ह्याच्या रकान्यात जवळजवळ तेच शब्द, ‘राखीव वनात नांगरट करून नागली पेरली.’

मी आजींना म्हटलं, “दंड भरायचा आणि पुढच्या वर्षी परत नांगरायचं?”

“मंग? पोट काय वर्षाआड भुकेजतं?” आजी म्हणाल्या. “लपून नाय नांगरला कधी. गार्ड आला का आमचे मालक बांधावर उभे राहायचे. म्हणायचे, लिव माझं नाव. पैसं देतो, पन पावती दे.”

ते गावच्या बैठकीत ठरलं होतं, असं त्यांनी सांगितलं. कोणी पळायचं नाही, गार्डच्या अंगावर जायचं नाही, आणि पावतीशिवाय कोणाच्या हातावर पैसा ठेवायचा नाही. एका वर्षी उभ्या पिकात गुरं सोडली गेली. एका वर्षी मालकांना आणि दिराला तालुक्याला नेऊन कोठडीत ठेवलं. सुटून आल्यावर त्यांनी आधी बी काढलं.

शाळेत आपण जंगल सत्याग्रह परीक्षेपुरता शिकतो. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ उघडपणे गवत कापलं आणि अटक करवून घेतली. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीन माणसं देशभर जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्या टेबलाशी उभं राहिल्यावर मला त्यातलं मर्म कळलं. कायदा मोडायचा तो दिवसाढवळ्या, नाव सांगून, आणि शिक्षाही स्वतः घ्यायची. चोरून कसलेल्या जमिनीची नोंद कुठेच राहत नाही. उघड कसली की सरकारलाच ती आपल्या हाताने लिहून ठेवावी लागते.

दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीसमोर वनविभागाच्या सदस्यांनी सुरुवातीला तो जुनाच मुद्दा काढला, चित्रात शेती नाही. मी नियम वाचून दाखवला आणि पावत्यांचा गठ्ठा प्रांतसाहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो वनविभागाच्या सदस्यांकडे सरकवला. ते गृहस्थ नोकरीत मुरलेले. त्यांनी चष्मा लावून शिक्का बघितला, बुक नंबर बघितला, एक पावती उजेडाकडे धरली. बराच वेळ कोणी बोललं नाही.

“पावती आमचीच आहे,” ते म्हणाले. “नाही म्हणता येणार नाही.”

त्यांचं मला कौतुक वाटलं, कारण टाळणं त्यांना सहज शक्य होतं. जिल्हा समितीकडे शिफारस गेली. मागितलेल्या क्षेत्रापेक्षा मोजणीत थोडं कमी भरलं, त्यावर आजींची कुरबुर झाली, आणि ती रास्तच होती.

पण नुसत्या पावत्यांनी हे झालं नसतं, हेही सांगायला हवं. गाठोडं घरात कित्येक वर्षं पडून होतं. फाइल कपाटातून बाहेर आली ती मार्च २०१८ मुळे. ६ मार्चला हजारो शेतकरी लाल बावटे घेऊन नाशिकहून निघाले, १८० किलोमीटर चालले. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून १२ मार्चला पहाटे आझाद मैदानावर पोचले. त्याच संध्याकाळी सरकारने लेखी दिलं की वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. सहा महिन्यांत ते झालं नाही. म्हणून २०१९ च्या फेब्रुवारीत लोक पुन्हा निघाले आणि २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा. मोर्चाने काय मिळतं असं विचारणाऱ्यांना मी सांगते, २०१८ च्या त्या मोर्चानंतर आमच्याकडे फेरतपासणीच्या तारखा लागल्या, मोजणीला माणसं मिळाली, आणि वरून आठवड्याला आकडे विचारले जाऊ लागले. आजींची सूनही त्या मोर्चात चालली होती.

शिफारशीचं ऐकून आजी उठल्या. पावत्यांच्या झेरॉक्स काढून घेतल्या होत्या. मूळ पावत्या त्यांनी मोजून, पुन्हा मोजून गाठोड्यात बांधल्या. व्हरांड्यात त्यांच्याच गावची तीन घरं बसली होती. त्यांच्याकडे एकही पावती नव्हती. एकाचा बाप दंड भरायला पैसे नसल्याने दरवर्षी गार्डकडे वेठीला राबला होता. वेठीची कोण पावती देणार?

दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही कायद्याने पुरावा आहे. मी सुनेला तेवढंच समजावून सांगत होते. आजींनी ते ऐकलं आणि गाठोडं सुनेच्या हातात देऊन त्या परत खुर्चीत येऊन बसल्या.

“लिव,” त्या म्हणाल्या. “त्याच्या बापाचं शेत आमच्या बांधाला लागून. मी सांगते.”

एस.टी. पाचची होती, ती गेली. तिन्ही घरांचे जबाब लिहून, वाचून दाखवून, आजींचा अंगठा घेऊन झाला, तेव्हा सात वाजले होते. पुढच्या सुनावणीच्या यादीत मी ते तीन दावे सगळ्यात वर घातले.