माझा अनुभव: बूस्ट कंट्रोलरची नळी कुठून घेतलीय, ते आधी बघा

पुण्यातल्या ज्या वर्कशॉपने माझ्या गाडीला बूस्ट कंट्रोलर बसवला, त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. (टर्बो इंजिनात दाबून जी हवा भरतो तिचा दाब म्हणजे बूस्ट, आणि तो कमी-जास्त करणारं यंत्र म्हणजे कंट्रोलर.) म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांच्याकडे रिमॅप केलेली टर्बो गाडी आहे आणि कंट्रोलर घ्यायचं मनात आहे, त्यांचे तरी पैसे आणि दिवस वाचावेत.

गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं, वीस व्हॉल्वचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीतून १५० पीएसचं. आमच्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली, त्यामुळे संभाजीनगरात या गाडीवर जीव टाकणारी माणसं अजून भेटतात. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आधीच रिमॅप केलेला होता, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बदललेलं होतं. मग वरून कंट्रोलर कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कारण पेट्रोल. शहरात ९५ ऑक्टेन मिळतं, कधी १००ही मिळतं. पण माझं कामानिमित्त जाणं-येणं हिंगोली-नांदेडकडे. वाटेत पंपावर जे मिळेल ते भरावं लागतं, आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला साध्या पेट्रोलवर पूर्ण बूस्ट दिला की इंजिन नॉक करतं, म्हणजे आत पेट्रोल आपोआप पेटून ठोके बसतात. ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, पिकअप जातो, इंजिन तापतं ते वेगळंच. मला दोन सेटिंगं हवी होती: साध्या पेट्रोलला ०.६ बार, चांगल्या पेट्रोलला ०.९. बटण दाबलं की बदललं पाहिजे. मागणी एवढीच.

कंट्रोलर मागवला, आला, पैसे दिले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. बसवायला एक दिवस लागला.

पहिल्याच दिवशी घरी येताना नगर ओलांडलं आणि तिसऱ्या गिअरात साडेतीन हजार आरपीएमवर बूस्ट गेजचा काटा ०.९ च्या पार उडाला, खाली पडला, परत उडाला. गाडी कुणीतरी मागून धरून सोडल्यासारखी हिसके खायला लागली. मग चेक इंजिनचा दिवा लागला आणि सगळी ताकद गेली. कोड पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट.

वर्कशॉपला फोन केला. म्हणाले, "सर, फाइल बदलावी लागेल. ट्यूनरला मेल टाकलाय." फाइल म्हणजे ईसीयूत टाकायचा रिमॅप, आणि तो बनवणारा ट्यूनर. ठीक आहे म्हटलं. दोन-चार दिवसांनी विचारलं, फाइल येतेय. पुढच्या आठवड्यात विचारलं, ट्यूनर बाहेरगावी आहे, फाइल येतेय. गाडी परत पुण्याला नेऊन लावा म्हणाले, नेऊन लावली. तिथे ती शेडबाहेर धूळ खात उभी. मी रोज मेसेज करायचो आणि उत्तर तेच. मध्ये एक फाइल आली, टाकली, झटके तसेच. दुसरी आली, झटके तसेच, वर पिकअपही मंद. प्रत्येक वेळी पैसे वेगळे. मी एकच गोष्ट विचारत होतो: लॉग, म्हणजे गाडी चालताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, काढलाय का? ईसीयूने मागितलेला बूस्ट किती आणि मिळालेला किती, हे कुणी बघितलंय का? यावर उत्तर नाही. लॉग न बघता फाइल बदलणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं. शेवटी गाडी आहे त्या अवस्थेत उचलली आणि कंट्रोलर बंद ठेवून, नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर, हळू चालवत घरी आणली.

इथे थोडं यंत्राचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टर्बोच्या चाकावर जाणारा जादा एक्झॉस्ट वेस्टगेटची झडप बाजूने सोडून देते. ती झडप उघडतो ऍक्च्युएटर, आणि ऍक्च्युएटरला दाब पोचतो एका बारीक नळीतून. कंट्रोलरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) त्या नळीच्या मधे बसतो आणि दाब अडवतो किंवा बाहेर सोडतो. झडप उशिरा उघडते, बूस्ट वाढतो. म्हणून ऍक्च्युएटरच्या स्प्रिंगपेक्षा खाली कुठलाही कंट्रोलर बूस्ट नेऊ शकत नाही, कितीही महागडा घ्या.

घरी आल्यावर लॅपटॉप लावून स्वतः लॉग काढला. या गाड्यांत ईसीयूचे आकडे नंबर दिलेल्या ब्लॉकांत वाचता येतात, त्यातल्या ११५ नंबरच्या ब्लॉकमध्ये मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट शेजारी-शेजारी दिसतो. आकडे मिलिबारमध्ये, आणि हवेचा दाब धरून. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, इथे हवाच साधारण ९५० मिलिबारची, म्हणजे गेजवरचे ०.९ तिथे १८५० दिसतात. हा हिशेब डोक्यात ठेवा, नाहीतर आकडा बघून उगाच धास्ती बसते. माझ्या लॉगमध्ये मागणी १९०० ला सपाट होती, आणि मिळालेला बूस्ट २२०० च्या वर जाऊन खाली आदळत होता. त्याच वेळी थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आपोआप मिटत होता, पाय पूर्ण दाबलेला असूनही. म्हणजे फाइल मागत होती ते बरोबरच होतं. पाळलं जात नव्हतं.

तो लॉग लॅपटॉपवर घेऊन चिकलठाण्याला एका टर्बो दुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो. ते ट्रक आणि बोलेरोचे टर्बो बांधतात, पेट्रोल गाड्या फार कमी. लॅपटॉपकडे त्यांनी बघितलंही नाही. बॉनेट उघडलं, हातात टॉर्च घेतला आणि सोलेनॉइडपासून नळी बोटाने चाचपत मागे-मागे गेले. एका टी-जॉइंटपाशी थांबले.

"ही हवा इथून कामून घेतली?"

म्हटलं, वर्कशॉपवाल्यांनी घेतलीय.

"आवं, ही तर थ्रॉटलच्या पुढची झाली. टर्बोच्या तोंडापासून घ्यायची अस्ती."

सगळं दुखणं तिथे होतं. सोलेनॉइडला हवा दिली होती इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या भागातून. बूस्ट थोडा जास्त झाला की ईसीयू थ्रॉटल मिटवायचा. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमधला दाब पडायचा, ऍक्च्युएटरला वाटायचं बूस्ट कमी झाला, वेस्टगेट बंद. तिकडे टर्बो थ्रॉटलच्या मागे दाब साठवतच राहायचा. थ्रॉटल उघडला की तो सगळा एकदम आत. परत तेच चक्र. जगातली कुठलीही फाइल हे थांबवू शकली नसती. त्यात सोलेनॉइड बसवला होता डॅशबोर्डखाली, हातभर लांब नळी ओढून. नळी जितकी लांब, तितका दाब पोचायला उशीर, आणि तितकी काट्याची उडी मोठी.

मामांनी आधी हातपंप लावून ऍक्च्युएटर तपासला. रॉड सरकताना मी जवळून बघितला, अडखळत नव्हता, आणि पंप थांबवल्यावर दाब धरून होता. ऍक्च्युएटरमधला पडदा शाबूत. मग हवा कुठे गळतेय का ते बघायला पीव्हीसीच्या एंड कॅपला ट्यूबचा व्हॉल्व बसवून ती टर्बोच्या तोंडाला आवळली, कॉम्प्रेसरने हवा भरली आणि साबणाचं पाणी मारत गेले. एका क्लॅम्पपाशी फेस आला, तो बदलला. सोलेनॉइड इंजिनजवळ, पण एक्झॉस्टच्या आचेपासून लांब घेतला, हवा टर्बोच्या आउटलेटवरून घेतली, नळ्या नव्या ४ मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या. कंट्रोलरच्या सेन्सरची नळी मात्र मॅनिफोल्डलाच ठेवली, ती तिथेच हवी. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. मामांनी जे पैसे घेतले ते पुण्याच्या एका फाइलच्या जवळपासही नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे जालन्याहून समृद्धीवर गेलो. शेजारी भाचा लॅपटॉप घेऊन. गेन (कंट्रोलर बूस्ट किती जोरात चढवतो ते) शून्यावर, सेटिंग कमी, तिसऱ्या गिअरात अडीच ते साडेचार हजार, एवढंच. वेगमर्यादेच्या आत राहून पुरेसं दिसतं. मग थोडं-थोडं वाढवत नेलं. ०.९ ला काटा गेला आणि तिथेच राहिला. भाचा म्हणाला, "मामा, दोन्ही रेषा एकावर एक आल्या." तो आनंद सांगता येणार नाही.

फाइलची गरज मात्र एका गोष्टीला खरंच होती. ०.६ वर पाय पूर्ण दाबला की ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय आणि तो त्याचा कोड टाकतो. दुसऱ्या एका ट्यूनरला लॉग पाठवले, त्याने त्या सेटिंगपुरती सवलत दिलेली फाइल त्याच संध्याकाळी मेल केली. लॉग मागणारा ट्यूनर शोधा.

आठवेल तसं आणखी सांगतो. कंपनीचा बूस्ट व्हॉल्व नळ्यांतून काढला तरी त्याची वायर जोडलेलीच ठेवा, नाहीतर सर्किटचा कोड येतो. त्याची जी नळी इनटेक पाइपला जाते ते भोक पक्कं बंद करा, नाहीतर तिथून न मोजलेली हवा आत जाते. ऍक्च्युएटरची नळी निसटली तर वेस्टगेट उघडणारच नाही आणि बूस्ट सुटेल, म्हणून प्रत्येक टोकाला क्लॅम्प हवाच. वॉशरच्या पाण्याचा पारदर्शक पाइप कुणी लावत असेल तर हात धरा, आपल्याकडच्या उन्हात तो मऊ पडतो. ट्यूनने जितका बूस्ट मागितलाय त्याच्या वर कंट्रोलर कधीच लावू नका. पेट्रोल आणि टायमिंगचा हिशेब तिथपर्यंतच केलेला असतो. प्लगची गॅप मी ०.७ मिलिमीटर ठेवली, वरच्या बूस्टला मिसफायर थांबला. हात घालण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आणि विम्याचं काय होईल ते विचारून घ्या.

आणि २० नंबरचा ब्लॉक. त्यात नॉकमुळे प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे घेतलंय ते दिसतं. वेगळ्या पंपावर पेट्रोल भरलं की तो एकदा बघायचा, आणि आकडे वाढलेले दिसले की सरळ खालच्या सेटिंगवर यायचं.