तिथला पहिला तास

किलीमांजारोच्या पायथ्याशी, टांझानियातील मोशी शहरात, ज्या कुटुंबात मी स्वयंसेविका म्हणून राहिले, तेथील गृहिणीला सगळे 'मामा' म्हणत; स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि दादरमध्ये वाढलेल्या मला ते जिभेवर रुळायला वेळ लागला. सकाळी त्यांना 'शिकामो' असा आदराचा नमस्कार करायचा आणि 'मराहाबा' हे उत्तर ऐकूनच कामाला लागायचे. तेथे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे 7 म्हणजे पहिला तास. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली हाताने मोडून पालेभाजीबरोबर खाताना आईची भाकरी आठवे. चहाला 'चाय', चपातीला 'चपाती', दुकानाला 'दुका' हे शब्द ऐकून मन भरून येई. आजही दादरला 7 ची लोकल पकडताना माझ्या मनात पहिलाच तास वाजतो.