आठ डबे, दोन भोपळे आणि अण्णांचं पेन

अण्णा गावाहून येऊन तीन आठवडे झाले होते आणि टीव्ही बघून बघून कंटाळले होते, म्हणून शनिवारी त्यांना जिओकॅशिंगला घेऊन गेलो. तिथं नेमकं काय करायचं असतं हे आधी नीट सांगितलंच नाही, कारण सांगितलं असतं तर आलेच नसते. कुणीतरी जंगलात डबा लपवून ठेवतो, त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो, आपण जायचं, शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. "आणि मिळतं काय?" काही नाही अण्णा. "बरं."

आम्ही सॅन डिएगोत राहतो. कॅन्यन म्हटलं की सगळ्यांना ग्रँड कॅन्यन आठवतो, पण आमचा लॉस पेन्यास्किटोस कॅन्यन अगदीच घरगुती आहे. शहराच्या मधोमध ओढ्याने कोरलेली लांबलचक दरी, वर दोन्ही कडांना घरांच्या रांगा, खाली ओक आणि सिकॅमोरची झाडी. नावाचा अर्थच मुळी 'छोटे कडे'. पूर्वेकडच्या टोकाला जुनं मातीच्या विटांचं रँचचं घर आहे, ही जमीन १८२३ मध्ये मेक्सिकन सरकारने एका कॅप्टनला दिली होती वगैरे. अण्णांनी भिंत थोपटून बघितली, म्हणाले आपल्या जुन्या घराची याच्यापेक्षा जाड होती.

एप्रिल असल्यामुळे दोन्ही उतार पिवळेधमक, माणसाच्या उंचीची रोपं. मी लेकीला वाइल्डफ्लॉवर्स बघ म्हणतोय तेवढ्यात अण्णांनी एक शेंग चोळून तोंडात टाकली. "आरं ही मोहरी हाय!" खरंच मोहरी. इथली नाही, बाहेरून आली आणि तणासारखी माजली, इथले लोक तिला शिव्या घालतात. अण्णांना मात्र फार वाईट वाटलं, एवढी मोहरी आणि काढणी नाही.

पहिले दोन डबे पटापट मिळाले आणि तिथेच माझी फजिती झाली, पेन घरी राहिलं! तीन वर्षं हे करतोय, दोन बाटल्या पाणी, टॉर्च, चिमटा, पॉवरबँक सगळं घेतलं होतं आणि पेन नाही. नाव लिहिलं नाही तर सापडलेलं धरत नाहीत. बायको माझ्याकडे बघत होती तसं बघत होती. अण्णांनी काही न बोलता शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढून पुढे केलं. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते, ट्रेकला येतानाही खिशाला पेन. तेव्हापासून सही करायचं काम त्यांच्याकडेच गेलं. एक डबा म्हणजे करंगळीच्या पेराएवढी धातूची नळी होती, आत कागदाची चिंचोळी पट्टी घट्ट गुंडाळलेली. ती परत आत घालताना माझा नेहमी जीव जातो, अण्णांनी दोन बोटांत धरून एका फिरकीत गुंडाळली आणि सारली. पट्टी नाही, तिकीटच फाडल्यासारखं.

पुढे एका मोठ्या डब्यात लहान मुलांसाठी वस्तू होत्या, एक घ्यायची तर तेवढ्याच किमतीची एक ठेवायची. लेकीने प्लॅस्टिकचा डायनासोर घेतला, हातातली बांगडी ठेवली. अण्णांनी पिशवीतून चिक्की काढली, पुढच्याला खाऊ म्हणून! खायचं ठेवायचं नसतं, वासाने जनावरं डबा फोडतात, हे सांगता सांगता मी उगाच इतिहास पण सांगितला की २ मे २००० ला अमेरिकन सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये एक बादली लपवली आणि हा खेळ सुरू झाला, आणि त्या बादलीत बीन्सचा एक कॅन होता. "म्हंजे पहिल्यानंच खायचं ठेवलं होतं की." आता यावर काय बोलणार.

खरी गंमत धबधब्यापाशी. (धबधबा म्हणजे काळपट खडकांमधून उड्या मारणारं पाणी. अण्णा: "ह्येला बघायला येत्यात?") दोन्ही बाजूंना खडक असले की जीपीएसचा सिग्नल त्यावर आपटून येतो आणि फोनवरचा बाण भंजाळतो, आत्ता चार मीटर डावीकडे, लगेच अकरा मीटर ओढ्यात. मी फोन पुढे धरून भुतासारखा गोल गोल फिरतोय, अण्णा एका ठिकाणी उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "त्यो चपटा दगड बघ. वरनं पडलेला दगड असा दुसऱ्यावर नीट बसत न्हाई. ठेवलाय कुणीतरी." त्याच्याच मागे होता डबा!

खूश होऊन ते वर चढायला एका झुडपाला धरणार तेवढ्यात बायको ओरडली. तीन तीन पानांचे झुबके, लालसर चकाकी. पॉयझन ओक. त्याच्या तेलाने अंगावर असे फोड येतात की दोन आठवडे झोप नाही. अण्णा हात मागे घेऊन म्हणाले, मी म्हटलं बेल हाय. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव विषारी बेल.

येताना वाटेवर रॅटलस्नेक आडवा होता, त्याला जाऊ दिलं. घड्याळात सोळा किलोमीटर झाले, आठ डबे मिळाले, दोन नाही. एकासाठी पाऊण तास एक पडलेला ओंडका चाचपला, मी ॲपवर 'नाही सापडला' टाकलं तर अण्णांना पटेना, आहे तिथंच, आपण नीट बघितलं नाही.

रविवारी ग्रोसरीला गेलो. मी आदल्या दिवशी बोलता बोलता म्हणालो होतो की पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाच्या बुडाला पत्र्याचं झाकण असतं, तिथेही लोक लपवतात. कढीपत्ता घेऊन बाहेर येतो तर अण्णा खांबाशी वाकलेले, झाकण हातभर वर उचललेलं, आणि दुकानाचा माणूस दारात उभा राहून बघतोय.

मुंग्या होत्या नुसत्या.