दगडातली भोकं आणि आकाशातली राख

सह्याद्रीत भटकणाऱ्या सगळ्यांनी भोकंभोकं पडलेला काळा दगड बघितलेला असतो, आणि बऱ्याच जणांना वाटतं पावसाने झिजलाय, पण ते मुळात लाव्ह्यातल्या गॅसचे बुडबुडे आहेत, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. खोल जमिनीखाली प्रचंड दाब असतो त्यामुळे वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे सगळं मॅग्मात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, विरघळलेलं असतं, वर येताना दाब कमी झाला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात. आपल्याकडचा लाव्हा बेसॉल्टचा, त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक, तो जितका जास्त तितका लाव्हा चिकट) 50 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पातळ, त्यामुळे बराचसा गॅस निवांत उडून गेला आणि जो थराच्या वरच्या भागात अडकला त्याची भोकं राहिली. मधला दगड मात्र घट्ट.

पुढे त्या भोकांत पाणी झिरपत राहिलं आणि आत स्टिलबाइट, अपोफिलाइट वगैरे स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरचे कलेक्टर शोधत असतात. सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघितलं नसेल तर खरंच जा एकदा, शिर्डीला जाताना नुसतं पुढे निघून जाऊ नका.

आता हाच गॅस चिकट मॅग्मात सापडला, म्हणजे सिलिका 65-70 टक्के वगैरे, की त्याला बाहेर पडता येत नाही, बुडबुडे फुगत जातात फुगत जातात आणि शेवटी अख्ख्या मॅग्माचाच चुरा उडतो. ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, त्यात बारीक धारदार काच असते, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतीच त्या! 1982 मध्ये जावाच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या ढगात ब्रिटिश एअरवेजचं 747 रात्री शिरलं, राख कोरडी म्हणून वेदर रडारवर काहीच दिसलं नाही, आणि चारही इंजिनं बंद! काच आत वितळून चिकटली होती. विमान तसंच तरंगत खाली आलं, ढगाबाहेर पडल्यावर इंजिनं परत सुरू झाली आणि जकार्ताला उतरलं.

राख तरी लवकर खाली बसते, सल्फर चिवट. 1991 च्या फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या स्फोटातल्या सल्फर डायऑक्साइडचे वर आम्लाचे थेंब झाले, त्यांनी ऊन अडवलं आणि जगाचं तापमान साधारण अर्धा अंश उतरलं, तेही वर्ष-दोन वर्षं.

नोव्हेंबर 2025 मध्ये इथियोपियाच्या हायली गुब्बी ज्वालामुखीचा राखेचा ढग दिल्लीपर्यंत आला, काही फ्लाइट्स कॅन्सल झाल्या. पण तो बराच उंचावरून गेला, त्यामुळे दिल्लीकरांना खालच्या हवेचं बिल काही इथियोपियावर फाडता येणार नाही.